कोळीगीत आहे पण किनारा नाही: दिवाळ्याच्या खाडीवरच्या एका स्टुडंट व्हिडिओचं प्रकरण

थर्ड इयरला मास मीडिया करणाऱ्या एका ग्रुपला कॉलेजातून प्रोजेक्ट होता. गाणं स्वतः बनवायचं, त्याचा म्युझिक व्हिडिओ शूट करायचा आणि वर एक रिपोर्ट द्यायचा, की या व्हिडिओने आपल्या जॉनरचे, म्हणजे गाण्याच्या प्रकाराचे, कन्व्हेन्शन्स, म्हणजे ठरलेल्या रीती, कुठं फॉलो केल्या आणि कुठं चॅलेंज केल्या. बाकीच्या ग्रुपांनी इंडी पॉप, हॉरर टाइप, लोफाय असं काय काय घेतलं, यांनी कोळीगीत घेतलं, कारण डायरेक्टर पोरगी बेलापूरजवळच्या दिवाळे गावातली, घरी अजून होडी आहे, आणि गाणारा पोरगा घणसोलीचा आगरी. मी नेरुळला राहते, एडिटिंग करते, लग्नसराईच्या आधी माझ्याकडे निम्मं काम हळदीच्या आणि कोळी गाण्यांचंच असतं, म्हणून ओळखीतून ते माझ्याकडे आले, "ताई, फक्त कलर करून द्या" म्हणत. कलर राहिला बाजूला आणि मी त्यांच्या भांडणात पंच झाले. हे सगळं लिहून काढतेय कारण चॅलेंज हा शब्द पोरं फार पटकन वापरतात, आणि या व्हिडिओत खरंच जिथं काहीतरी हललं ते त्यांच्या रिपोर्टच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये नव्हतंच.

आधी जॉनर समजून घेऊ. हल्लीचं कोळीगीत तुम्ही आवाज बंद करून बघितलंत तरी दहा सेकंदांत ओळखाल. लाटांवरून ड्रोन वर जातो, झेंडे लावलेली होडी दिसते, सोनेरी अक्षरात गाण्याचं नाव येतं, मग पाठमोरी पोरगी वळते, नथ, वेणी, अंगभर सोनं, पोरगा सुरक्यात आणि लाल टोपीत. मग वाळूवर आठ-दहा जणांची फॉर्मेशन, वल्हं मारायची स्टेप, जाळं फेकायची स्टेप, मध्ये एखादी म्हातारी कौतुकाने हसताना, आणि एकवीरा आईचं नाव कुठंतरी आलंच पाहिजे. कलरमध्ये निळा ढकलायचा, लाल-पिवळा पेटवायचा. क्लायंट मला दुसरं काही सांगतच नाही, "ताई एकदम भारी झालं पाहिजे" म्हणजे हेच.

आणि हे उगाच आलेलं नाही. नव्वदच्या दशकात वेसावकर मंडळींच्या कॅसेटी घरोघरी वाजायच्या तेव्हा गायकाचा चेहरा दिसायची गरज नव्हती, कव्हरवर फोटो असला की झालं. मग व्हीसीडी आली, मग यूट्यूब आलं, आणि आता गाणं काढणारा बऱ्याचदा स्वतःच्या खिशातून व्हिडिओ करतो, कारण त्या व्हिडिओवरून त्याला पुढच्या हळदीची बुकिंग येते. म्हणून गायकाचे क्लोजअप भरमसाट. अँड्र्यू गुडविन नावाच्या अभ्यासकाने १९९२ साली पाश्चात्त्य म्युझिक व्हिडिओबद्दल हेच लिहिलं होतं की रेकॉर्ड कंपनीला कलाकाराचा चेहरा विकायचा असतो म्हणून क्लोजअपची मागणी असते, आपल्याकडे कंपनी नसते, पोरगा आणि त्याचा मामा असतो, एवढाच फरक.

आता यातली एक गंमत बघा, जी इतकी डोळ्यासमोर आहे की कुणाला दिसत नाही. नवी मुंबईत वाळूचा किनाराच नाही. पाम बीच रोड आहे पण बीच नाही, हा जोक इथल्या प्रत्येकाने मारलाय. इथले कोळी खाडीचे कोळी, दिवाळे, सारसोळे, वाशी गाव, सगळीकडे चिखल, तिवरं, चिंबोऱ्या, निवट्या, कोलंबी. पण इथल्या गावातल्या गाण्याचं शूट करायचं म्हटलं की टेम्पो निघतो अलिबागला, किहीमला, उरणच्या पिरवाडीला, नाहीतर थेट मढला. म्हणजे जॉनरने ठरवलं की कोळी म्हणजे वाळू आणि लाटा, आणि खाडीचे कोळीसुद्धा स्वतःला वाळूवर नेऊन नाचवतात. मी स्वतः असे कितीतरी व्हिडिओ कापलेत आणि मला कधी काही खटकलं नव्हतं, कारण जॉनर असाच काम करतो, सवयीचं झालं की ते खरं वाटायला लागतं.

या ग्रुपचा पहिला प्लॅन पण तोच होता. गाण्यात दर्या, नाखवा, पारू सगळे हजर, मुखड्यात उधाणाचा उल्लेख. शूट मात्र किहीमला न्यायला पैसे नव्हते म्हणून दिवाळ्याच्या जेट्टीवर करायचं, "चिखल दिसणार नाही अशी फ्रेम लावू" असं कॅमेरावाल्याने सांगितलं होतं, भरती असली की पाणी जेट्टीला टेकतं, टाइट फ्रेममध्ये समुद्रच वाटेल. चॅलेंज म्हणून त्यांनी वेगळंच ठरवलं होतं. गाण्याच्या मध्ये रॅप, तो ब्लॅक अँड व्हाइटमध्ये, सायन-पनवेल हायवेच्या फ्लायओव्हरखाली, भिंतीवरच्या ग्राफिटीसमोर, पोरगा हुडी घालून कॅमेऱ्यावर बोट रोखून. रिपोर्टच्या ड्राफ्टमध्ये याच्यासमोर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "जॉनर कन्व्हेन्शन ब्रेक केलं."

मी त्यांना विचारलं की हुडी, फ्लायओव्हर, ग्राफिटी, लो अँगल, ब्लॅक अँड व्हाइट, मागे चार पोरं हात बांधून उभी, हे कुठल्या व्हिडिओत नसतं ते सांगा. सगळे गप्प. तुम्ही एका जॉनरचे नियम सोडले आणि दुसऱ्या जॉनरचे नियम एकूण एक पाळले, याला मोडणं नाही म्हणत, याला बदली म्हणतात. गाणारा पोरगा जाम भडकला, त्याचा रॅप चांगला होता खरं तर, त्यावर नंतर येते.

शूट शनिवारी ठेवलं, कारण बाकी दिवस लेक्चर. पहिल्या शनिवारी सकाळी सातला पाणी छान होतं, होडी तरंगत होती, मुखड्याचे शॉट झाले, पोरीने लुगडं नेसून वळायचा शॉट दिला, एकदम कोळीगीत. बाकीचं पुढच्या शनिवारी. डायरेक्टरचे काका होडी बांधत होते, ते म्हणाले, "आज भांग हाय म्हनून पानी हाय. पुढच्या शनवारी आवस, सकालचे तुला चिखलच भेटंल." पोरांनी हसून सोडून दिलं. पुढच्या शनिवारी सातला पोचले तर होडी चिखलात तिरकी पडलेली, पाणी पार लांब गेलेलं, मधे नुसता काळा चकचकीत गाळ आणि त्यात उड्या मारणाऱ्या निवट्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आठवड्याभरात पावणेसहा-सहा तास, म्हणजे एका शनिवारी ज्या वेळेला भरती त्याच वेळेला पुढच्या शनिवारी जवळजवळ ओहोटी. त्यात अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं, आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जोरात चढतं आणि तेवढंच खोल उतरतं. आपल्या या किनाऱ्याला उधाणाची भरती दुपारी बाराएकच्या सुमाराला येते, म्हणून सकाळी सातला खाडी तळाला गेलेली. डायरेक्टर पोरगी कोळ्यांच्या घरातली, तरी तिला हे हिशोब येत नव्हते, "घरात बाबा आणि काकाच जातात, मला कोण सांगतंय" म्हणाली.

कंटिन्युइटी गेली. मुखड्यात होडी पाण्यावर, अंतऱ्यात तीच होडी चिखलात. कॅमेरावाला म्हणाला पॅकअप, दुपारी पाणी आल्यावर करू, पण दुपारचं ऊन डोक्यावर, चेहऱ्यावर काळ्या सावल्या, आणि नाचणाऱ्या दोघींना दुपारी क्लास. बराच वेळ वादावादी झाली. शेवटी डायरेक्टर म्हणाली चिखलातच करू, आणि इथून हे प्रकरण सुरू होतं असं मी धरते, कारण याच्या आधी जे होतं ते कुठल्याही ग्रुपने केलं असतं.

काकांनी एक जुनी फळी टाकून दिली, तिच्यावरून चालत पोरं होडीपर्यंत गेली. कॅमेरावाला फ्रेममध्ये आडवी येणारी तिवराची फांदी मोडायला गेला तर काका जेट्टीवरून ओरडले, तिवर तोडायला कायद्याने बंदी आहे आणि जेट्टीवरच्या सगळ्यांना ते पाठ आहे. फांदी तशीच राहिली आणि आता तो शॉट व्हिडिओतला सगळ्यात चांगला आहे असं माझं मत, पुढे धूसर पानं, मागे तिरकी होडी, तिच्यात लुगडं नेसलेली पोरगी बसलेली आणि ती कॅमेऱ्याकडे बघतच नाही.

ड्रोनचा विषय आपोआप मिटला. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, विमानतळाच्या आसपास असा मनाला येईल तसा ड्रोन उडवता येत नाही, आणि परवानगीच्या भानगडीत पडायला कुणाकडे वेळ नव्हता. म्हणून वरून दिसणारा शॉट त्यांनी पारसिक हिलवर जाऊन झूम लावून काढला. ड्रोनसारखा तो तरंगत नाही, उन्हाच्या वाफेने किंचित थरथरतो, इमारतींच्या मागे खाडी एका पट्टीएवढी दिसते. कोळीगीतातला ड्रोन शॉट सांगतो की बघा किती मोठा दर्या आमचा, हा शॉट नेमकं उलटं सांगतो, आणि ते कुणी ठरवून केलेलं नाही. रिपोर्टमध्ये मात्र त्यांनी "बजेट लिमिटेशन" या हेडिंगखाली तो टाकला होता, मी म्हटलं अरे हे तिथून काढा आणि वर न्या.

आता नाच. कोळीगीतात हूक स्टेप, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी, लक्षात राहणारी स्टेप, पाहिजेच, तिच्याशिवाय गाणं रीलवर चालत नाही. वल्हं मारायची स्टेप, जाळं ओढायची स्टेप या मुळात कामातूनच आलेल्या, पण इतक्या वर्षांच्या नाचात गुळगुळीत झाल्यात, आता ती स्टेप करणाऱ्या पोरीने वल्हं हातात धरलेलं असेलच असं नाही. चिखलात फॉर्मेशन होणार नव्हती, पाय उचलताच येत नाहीत, त्यामुळे कोरिओग्राफी करणारी पोरगी वैतागून जेट्टीच्या पायऱ्यांवर बसली. तिथंच डायरेक्टरची आजी कोलंबी सोलत होती. गाणं मोबाइलवर लूपला चालू होतं, शॉट घेणाऱ्यांसाठी, आणि आजीचा हात आपोआप ठेक्यात पडला.

हे जरा जवळून सांगते कारण एडिट करताना मी ते फ्रेम फ्रेम करून बघितलंय. कोळीगीताचा ठेका सहाचा, तीन-तीनचे दोन भाग, जोर एकवर आणि चारवर. आजी एकवर डोकं मोडते, चारवर साल ओढते, पुढच्या चक्रात एकवर काळा दोरा काढते आणि चारवर कोलंबी टोपात. दोन चक्रांत एक कोलंबी, न चुकता, आणि नजर हातावर नाही, समोर रस्त्यावर कोण चाललंय तिकडे. कोरिओग्राफी करणाऱ्या पोरीने ते बघितलं आणि तीच हूक स्टेप केली, चार हालचाली, फक्त हात आणि खांदे, पाय जागेवर. चिखलात उभं राहून करता येते. दुसऱ्या कडव्यानंतर आजीच्या हातांचा क्लोजअप आणि मग कट करून पोरींचे रिकामे हात तेच करताना, हा कट मी त्यांना सुचवला नव्हता, त्यांच्या एडिटरने आधीच लावून आणला होता, आणि लावलाही बरोबर चारवर, साल ओढली जाते तिथं.

कोळीगीतात बाईच्या शरीराचे तुकडे दाखवायची एक पक्की रीत आहे, कंबर, पाय, नथ, ओठ. लॉरा मल्व्हीने १९७५ साली सिनेमातल्या पुरुषी नजरेबद्दल लिहिलं तेव्हापासून मीडियाच्या प्रत्येक वर्गात ते शिकवतात, या पोरांना पण शिकवलेलं, आणि पहिल्या ड्राफ्टमध्ये "मेल गेझ टाळली" असं वाक्य होतं. टाळली नाही, पहिल्या शनिवारच्या शॉटमध्ये ती आहेच, वळणारी पोरगी, नथीवर फोकस, सगळं. मी ते काढू नका म्हटलं. कारण तुकडे दुसऱ्या भागातही आहेत, क्लोजअप तेवढेच टाइट आहेत, फक्त आता फ्रेममध्ये भिजून सुरकुतलेली बोटं आहेत, नखात कोलंबीची साल अडकलेली. तंत्र तेच ठेवून बघायची गोष्ट बदलली, हे गेझ टाळण्यापेक्षा जास्त बोचतं. आधी नथ दाखवली नसती तर हातांना काही अर्थ आला नसता.

आणि हेच मी त्यांना सगळ्यात जास्त वेळा सांगितलं असेल. एडिटरने मधे एक व्हर्जन केलं होतं ज्यात व्हिडिओ थेट चिखलातून सुरू होतो, संथ, आवाज फक्त पाण्याचा, मग हळूहळू गाणं. दिसायला भारी. पण ते बघणाऱ्याला पहिल्या वीस सेकंदांत वाटतं की ही शॉर्ट फिल्म आहे, आणि शॉर्ट फिल्ममध्ये चिखल असायचाच, त्यात काय. कोळीगीत म्हणून वचन दिल्याशिवाय ते मोडता येत नाही. म्हणून शेवटी सुरुवात अगदी टिपिकल ठेवली, सोनेरी अक्षरं सुद्धा, ती बघून त्यांच्या वर्गातली पोरं हसली, हसू दे. पहिला मुखडा पूर्ण पाण्यावर. दुसऱ्यांदा मुखडा येतो तेव्हा शब्द तेच, उधाणाचे, आणि चित्रात होडी चिखलात.

रॅपचं काय झालं ते सांगते. पोराने लिहिलेलं होतं सिडकोवर, १९७० साली सिडको (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच जण गेले, त्याचे नेते दि. बा. पाटील, जमीन गेलेल्यांना परत मिळायचे साडेबारा टक्के भूखंड, सगळं एका दमात. माहिती बरोबर, पण ऐकताना इतिहासाचा पेपर वाटत होता. हे तो चिखलात जेट्टीवर म्हणून दाखवत होता तेव्हा काका ऐकत होते, ते म्हणाले, "साडेबारा टक्के जमिनीचं रं. आमची कवा जमीन होती? खारीला सातबारा नाय." खारी म्हणजे खाडी. पोरगा गप्प झाला. त्या रात्री त्याने निम्म्या ओळी उडवल्या आणि नवीन रॅप याच वाक्याभोवती बांधला, त्यात एक ओळ आली, "खारीचा पानी मांगं गेला, होरी रुतली चिखलान, सातबाऱ्यावर नाव शोधतंय कोन माझ्या गावान." कपाटात कपड्यांमध्ये डोकं घालून मोबाइलवर रेकॉर्ड केलं, आवाज जरा दबका आलाय, पण चालतोय.

फ्लायओव्हर रद्द झाला, रॅप पण रंगीत आणि चिखलातच. यातला तांत्रिक भाग मला फार आवडला. स्लो मोशनमध्ये लिपसिंक हवा असेल तर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, पोराने दुप्पट वेगाने ओठ हलवायचे, कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमवर, आणि नंतर २५ वर चालवलं की ओठ मूळ गाण्याशी जुळतात आणि अंग मात्र संथ हलतं. रॅप दुप्पट वेगाने म्हणणं म्हणजे जीभ गाठ मारून घेण्यासारखं, त्यात पाय घोट्याच्या वर रुतलेले, एक चप्पल गेलीच ती कायमची. रॅपर जसा चालतो, खांदे झुलवत पुढे येतो, तसं काही करताच येईना. तो नुसता उभा आहे, तोल सांभाळत, हात बाजूला पसरलेले, आणि तोंड प्रचंड वेगाने चाललंय. रॅपच्या व्हिडिओत जी मस्ती असते ती चिखलाने काढून घेतली, आणि ओळी नेमक्या त्याच बद्दल आहेत. मला विचाराल तर इथं मात्र ते खरोखर एका जॉनरचं वचन दुसऱ्या जॉनरच्या जागेत नेऊन तपासतायत.

पण अजूनही रॅप लांबलाय. शेवटच्या चार ओळी काढाव्यात असं मी म्हटलं होतं, त्यात विमानतळ, मेट्रो, अटल सेतू सगळ्यांवर एक-एक फटका आहे, आणि त्यातल्या कशाचंच चित्र समोर नाही. पोराने ऐकलं नाही.

मग पाहणी. रिपोर्टसाठी ऑडियन्स फीडबॅक लागतो, म्हणून त्यांनी दोन ठिकाणी दाखवला, वर्गात प्रोजेक्टरवर आणि दिवाळ्यात घराच्या ओट्यावर लॅपटॉपवर. वर्गात दुसरा मुखडा आला तेव्हा, शब्द उधाणाचे आणि होडी चिखलात, सगळ्यांनी तो टोमणा म्हणून घेतला. टिप्पण्या सगळ्या त्याच अर्थाच्या, आयरनी, विकासावर कमेंट, खाडी मेली वगैरे. गुडविनने शब्द आणि चित्र यांचे तीन प्रकार सांगितलेत, चित्र शब्दांना तसंच दाखवतं, वाढवतं किंवा त्यांच्याशी फारकत घेतं, आणि ग्रुपने खुशीत तिसऱ्या प्रकारावर टिक केलं.

ओट्यावर तसं काहीच झालं नाही. तिथल्या मावशींना, काकांना त्या मुखड्यात टोमणा दिसलाच नाही. एकाने विचारलं की तुम्ही हसताय कशाला, तर पोरांनी समजावून सांगितलं की बघा, गाण्यात उधाण आणि खाडीत पाणी नाही. काका म्हणाले, "उधान हाय म्हनून तर सकालची खारी रिकामी." म्हणजे त्यांच्या दृष्टीने शब्द आणि चित्र तंतोतंत जुळलेलं, फारकत कसली, उलट या जॉनरमधले एवढे व्हिडिओ बघितले त्यात पहिल्यांदा कुणीतरी उधाण बरोबर दाखवलं. त्यांना खटकलं ते वेगळंच. मावशी म्हणाल्या पोरीला नीट नटवली नाही, कोलंबी सोलताना कुणी लुगडं नेसतं का, आणि नाच कुठंय. आजीला स्वतःचे हात मोठे दिसले त्याचं फार अप्रूप वाटलं नाही, कोलंबी लहान होती त्या दिवशीची, एवढंच म्हणाली.

यावरून ग्रुपमध्ये शेवटचं मोठं भांडण झालं, कारण रिपोर्टचं टेबल दोन रकान्यांचं होतं, फॉलो आणि चॅलेंज, आणि उधाणाचा मुखडा आता कुठल्याच रकान्यात बसेना. वर्गाला विचारलं तर चॅलेंज, ओट्याला विचारलं तर फॉलो, तेही जॉनरपेक्षा जास्त इमानदारीने. आजीच्या हातांचं पण तेच, वर्गाला ते धाडस वाटलं, ओट्यावर रोजचं काम. आणि मावशींना ज्याचा धक्का बसला, कामाला लुगडं आणि नाच नाही, ते वर्गात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी त्यांना एवढंच म्हटलं की टेबलला तिसरा रकाना लावा, कुणाच्या अपेक्षेला, आणि प्रत्येक ओळीसमोर ते भरा, जिथं भरता येणार नाही ती ओळ काढा. ब्लॅक अँड व्हाइटची ओळ अशीच निघाली. "मेल गेझ टाळली" पण निघाली. झूमचा शॉट "बजेट लिमिटेशन"मधून वर आला. रिपोर्ट बारीक झाला, पण वाचण्यासारखा झाला.

परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारलं की आर्टिस्ट कुठंय, गायकाचा चेहरा तर शेवटी-शेवटी दिसतो, म्युझिक व्हिडिओचं मूळ काम कलाकाराला विकणं असतं ना. प्रश्न रास्त आहे, मी असते तर मी पण विचारला असता. डायरेक्टर म्हणाली, गायक विकायचाच नव्हता, प्रोजेक्ट आहे. हे उत्तर मला कच्चं वाटलं. गायकाला हळदीची बुकिंग हवीच आहे, तो घरी तेच सांगून शूटला आला होता, आणि व्हिडिओने त्याचं ते काम केलेलं नाही. मार्क बरे मिळाले.

आता गावातल्या डीजेवाल्याने गाणं मागितलंय, येत्या हळदीत लावायला. व्हिडिओ नकोय, फक्त ऑडिओ, आणि त्यातून रॅप काढून द्या म्हणतोय, कारण रॅप आला की लोक नाचायचे थांबतात. गाणारा पोरगा तयार नाही, डायरेक्टर म्हणते काढून देऊ, आणि फाइल माझ्या हार्ड डिस्कवर पडून आहे.